हिवाळ्यातील कोंबड्यांची मर : दडवू नये, विकू नये

पौष-माघाच्या थंडीत परभणी जिल्ह्यातील परसातल्या कोंबड्यांना मर लागणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. परंतु पहिली कोंबडी मान टाकते न टाकते तोच उरलेल्या आठ-दहा डालग्यात घालून, मरण्यापूर्वी चार पैसे तरी हाती येतील या हिशेबाने, आठवडी बाजाराची वाट धरण्याची जी रीत गावोगावी रूढ झाली आहे, ती खुद्द रोगापेक्षा घातक असल्यामुळे हा सल्ला लिहिणे प्राप्त झाले. दाणापाणी, खुडूक कोंबडीखाली अंडी बसवणे, मुंगसा-मांजरापासून पिल्ले राखणे, या गोष्टी घरच्या बायका आमच्या पशुसंवर्धन खात्यापेक्षा अधिक जाणतात. त्यांची उजळणी येथे करीत नाही.

या मरीचे नेहमीचे कारण म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत रोग. हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडून धापा टाकणे, पंख लुळे पडणे आणि शेवटी मान मुरडणे, ही त्याची ओळख. बर्ड फ्लूमध्ये पुष्कळदा एवढीही सवड मिळत नाही. तुरा व गलोल निळसर पडतात, डोके सुजते, पायांवर रक्ताळलेले डाग उमटतात, किंवा सायंकाळी धडधाकट चढलेले पक्षी सकाळी मेलेलेच आढळतात. तथापि ही दोन दुखणी नुसत्या नजरेने वेगळी काढण्याचा दावा पशुवैद्यानेही करू नये. मग चावडीवर बसून ‘ही आपली नेहमीचीच मर’ असा निवाडा देणाऱ्यांनी तो कोणत्या आधारावर द्यावा?

जानेवारी 2021 मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा गावी बचत गटाच्या कुक्कुटशाळेत अवघ्या दोन दिवसांत 800 ते 900 कोंबड्या मेल्या. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडून नमुन्यांचा अहवाल आला तो बर्ड फ्लूचा. मग 1 किलोमीटरच्या परिघातील सर्व पक्षी नष्ट करण्याचा व 10 किलोमीटरच्या परिघात कोंबड्यांच्या खरेदी-विक्रीस मनाई करण्याचा हुकूम निघाला. ज्यांच्या परसात एकही कोंबडी शिंकलेली नव्हती, अशांचीही खुराडी त्या परिघात आली म्हणून रिकामी झाली. हा हुकूम अनेकांना निर्दय वाटला. परंतु 2006 साली नवापुरात हा रोग महाराष्ट्रात प्रथम आढळला, तेव्हापासून त्याला आवर घालण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग आपल्यापाशी नाही, आणि परसातल्या कोंबड्यांसाठी त्याची लसही दिली जात नाही.

दुधनेकाठच्या एका गावातील प्रकार माझ्या पाहण्यातला आहे. नवसासाठी बाजारातून आणलेला कोंबडा दोन रात्री घरच्याच खुराड्यात कोंडला. नवस फेडून झाला, पाहुणे जेवून गेले, आणि आठवडा उलटण्यापूर्वी त्या घरची एकेक तलंग मान वाकडी करून पडू लागली. सासूबाईंनी हळद-गूळ भरवला, दिराने माणसांच्या औषधाची कॅप्सूल फोडून पाण्यात कालवली, शेजाऱ्याने तंबाखूचे पाणी पाजले. दवाखान्यात मात्र कोणीही गेले नाही, कारण ‘डॉक्टर येऊन सगळ्याच मारतील’ अशी आवई उठली होती. उरलेल्या कोंबड्या पुढच्या बाजारी विकल्या गेल्या, आणि त्या कोणकोणत्या गावी गेल्या, याचा पत्ता अर्थातच कोणाला लागला नाही. विषाणूवर कॅप्सूल चालत नाही, तंबाखू तर नाहीच नाही. या उपायांनी फक्त रोगास पसरण्यास अवधी मिळतो.

सबब, एकाएकी दोन-तीन पक्षी मेल्यास त्याच दिवशी ग्रामपंचायतीस व जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास वर्दी द्यावी, अथवा 1962 या क्रमांकावर कळवावे. 2009 च्या प्राणिरोग नियंत्रण कायद्यान्वये ही वर्दी देणे मालकाचे कर्तव्य आहे. ज्यांना कायद्याचा धाक नाही, त्यांनी निदान हिशेब करावा : बर्ड फ्लू ठरल्यास सरकारी भरपाई मिळते ती नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नव्हे, म्हणजे दडवण्यात गेलेला प्रत्येक दिवस मालकाच्याच पदरचा जातो. मेलेला पक्षी उघड्या हाताने हाताळू नये, कापून पाहू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये, कारण बर्ड फ्लू माणसासही होऊ शकतो. नमुने घेऊन झाल्यावर तो खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकणे म्हणजे कुत्री व कावळे यांच्या हाती रोगाची डाक सोपवणे होय. बाजारातून आणलेला पक्षी, मग तो नवसाचा असो की पाहुणचाराचा, घरच्या कोंबड्यांत मिसळू नये. दोन-तीन आठवडे तो वेगळाच राखावा.

मानमोडीची लस मात्र आहे, स्वस्त आहे, आणि तरीही पडून राहते. पिल्ले 5 ते 7 दिवसांची असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस पंखाखालच्या कातडीत टोचणे, एवढाच हा व्याप. अडचण एवढीच की एका कुपीत पुष्कळ मात्रा असतात, त्या बर्फावर न्याव्या लागतात, व कालवलेली लस तासा-दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी एका घराला ते परवडत नाही. म्हणून गल्लीतील सात-आठ घरांनी मिळून, आधी जंताचे औषध पाजून, पक्षी खुराड्यात असतील अशा सकाळी किंवा सायंकाळी एकाच वेळी टोचणी करून घ्यावी. रोग शिरल्यावर लस मागण्यास येणाऱ्यांना मी परत पाठवतो. आजारी पक्ष्यास ती बरी करीत नाही.

मर येऊन गेलेल्या खुराड्यातील भुसा-पाला जाळून, भिंतीस चुना देऊन, ते काही आठवडे उन्हात मोकळे ठेवावे. बर्ड फ्लू ठरला असेल तर प्रशासनाची परवानगी मिळेपर्यंत नवे पिल्लू घरात आणू नये. गिरीराज जातीची कोंबडी घ्यावी की वनराज, हा सर्वांचा आवडता प्रश्न त्यानंतर विचारावा.