होय-नाही नको, शहाणपण मागा

प्रश्न : मुलगा पुण्यात नोकरीला. शेत विका म्हणतो. मी रोज प्रार्थना करतो, पण देवाचं उत्तर येत नाही. काय करू?
– एक वाचक, कळंब (जि. धाराशिव)

उत्तर : शलमोन राजाने देवाकडे समंजस मन मागितलं (1 राजे, अध्याय 3). तुम्हीही तेच मागा. संत इग्नेशियस लोयोलांची रीत इथे फार उपयोगी पडते. आज ‘विकायचं’ असं मनात धरून प्रार्थनेला बसा, उद्या ‘ठेवायचं’ असं धरून. मन कधी निवांत झालं, कधी नुसती घालमेल झाली, ते वहीत लिहा. मन खचलेलं असताना आधी केलेला निश्चय मात्र बदलू नका; हा त्यांचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. सोसायटीचं कर्ज किती, पत्नीचं म्हणणं काय, हेही प्रार्थनेत मांडा. मग धर्मगुरूंना भेटा, वही घेऊनच.