वैशाखाच्या आकाशात आषाढ

नाशिक म्हटले की परमुलखातील माणसाच्या डोळ्यांपुढे गोदेचे घाट आणि द्राक्षांचे मळे उभे राहतात. परंतु याच जिल्ह्याचा पूर्वेकडील, पर्जन्यछायेत सापडलेला येवला-नांदगावचा मुलूख वैशाखात असा काही उजाड होतो की, राजस्थानपर्यंत जाण्याची उसंत नसलेल्या माझ्यासारख्या हौशी छायाचित्रकाराची मरुभूमीची तहान तिथेच भागावी. मनमाड-दौंड लोहमार्गावरील अनकाई स्थानकात उतरून अनकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांकडे चढताना काळा बेसाल्ट, वाळलेले गवत आणि तापून पांढरे पडलेले आकाश या तिघांना एकाच चौकटीत तपशिलासह पकडण्याची दुर्बुद्धी मला झाली, आणि मी एचडीआर तंत्राला शरण गेलो.

एका चित्रात न मावणारा प्रकाशभेद अनेक चित्रांतून वेचून एकत्र करावयाचा, एवढाच त्या तंत्राचा मथितार्थ. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकातच समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आकाश दुसऱ्यावरून छापून हाच उद्योग केला होता. मी भर दुपारी, ट्रायपॉड ओझे म्हणून घरी ठेवून, कॅमेरा धोंड्यावर टेकवला आणि दोन-दोन स्टॉपच्या अंतराने, म्हणजे दर खेपेस उजेड चौपट करीत, पाच चित्रे घेतली. घरी येऊन जुळवणी केली, तेव्हा वाऱ्याने हललेले गवत धुरकट झाले होते आणि चरणाऱ्या मेंढरांना सहा-सहा पाय फुटले होते. त्यातच टोन मॅपिंगच्या पट्ट्या उत्साहाने ओढल्यामुळे कड्याभोवती देवादिकांच्या तसबिरीत शोभावे असे प्रभावलय उमटले. तरीही ते चित्र मी अभिमानाने मोठे छापून घेतले आणि पुढच्या खेपेस तिथल्याच एका मेंढपाळाला दाखविले. त्याने ते बराच वेळ न्याहाळून विचारले, "सायेब, त्या दिशी पाऊस आला व्हता का?"

वैशाखाच्या निरभ्र आकाशात मी आषाढ भरला होता. माळरानाचा दाह दाखवावयाचा तर जळालेले आकाश आणि मिट्ट सावली हीच तिथली खरी मालमत्ता, आणि तीच मी जप्त करून बसलो होतो.

म्हणून नवशिक्यांस माझी विनंती अशी की, प्रथम एकच चित्र रॉमध्ये घेऊन हिस्टोग्राम तपासावा. आलेख दोन्ही टोकांना कापला जात नसेल, तर पुढील खटाटोप फाजील समजावा. तो कापला जात असेल, तर भक्कम ट्रायपॉड लावावा, छिद्रमान, आयएसओ आणि फोकस कायम ठेवून केवळ शटरचा वेग बदलावा, आणि हलणारी वस्तू जुळवणीच्या वेळी एकाच चित्रातून घ्यावी. वारा पडेपर्यंत थांबता आले तर उत्तमच. अनकाईला तो सहसा पडत नाही.

या तंत्राची खरी निकड मला टंकाईच्या पोटातील जैन लेण्यात भासली: आत काळोख, दाराबाहेर भाजणारे माळ. तिथे तीन चित्रे पुरली. खांबावरील नक्षी मंदपणे दिसते, बाहेरचे आकाश पांढरेच आहे, आणि डावा कोपरा मी मुद्दाम काळा सोडला आहे. तिथे काय आहे असे कोणी विचारले, तर वटवाघळे आहेत, एवढे तोंडी सांगतो.