लुंबिनीच्या वाटेवर मुक्काम कुठे करावा?

प्रश्न (शहापूर, जि. भंडारा येथील एका वाचक भगिनीकडून) : दिवाळी झाली की आम्ही लुंबिनीला निघणार आहोत. मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासू-सासरे असे सहा जण. पुढे काठमांडूही पाहायचं आहे. आमच्या भागातून बौद्ध स्थळांच्या यात्रेच्या बसगाड्या जातात, पण सासूबाईंचे गुडघे दुखतात, तेव्हा धावपळ नको म्हणून आम्ही आमचे स्वतंत्र जातोय. अडलंय ते राहण्याचं. मोबाइलवर सगळ्याच लॉजचे फोटो छान दिसतात आणि भाव मात्र एकाचा दुसऱ्याच्या चौपट. पहिल्यांदाच देशाबाहेर पाऊल टाकतोय. स्वच्छ आणि खिशाला परवडेल अशी जागा ओळखायची कशी? विहारात कुटुंबाला राहू देतात का?

उत्तर : ताई, तुमच्या जिल्ह्यातून लुंबिनीला जाणं याला एक वेगळा अर्थ आहे. १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महिनाभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले आणि त्याच प्रवासात त्यांनी लुंबिनीचं दर्शन घेतलं. विदर्भातली कितीतरी कुटुंबं आज त्या वाटेने जातात. अशा यात्रेत घरच्या माणसांना रात्री नीट झोप आणि सकाळी स्वच्छ न्हाणीघर मिळालंच पाहिजे, आणि ते माफक पैशांत मिळू शकतं. त्यासाठी एक गोष्ट मनाशी पक्की करा : भाव बघून स्वच्छता कळत नाही. महागड्या खोलीत ढेकूण निघतात आणि साध्या विहारातली फरशी लखलखीत असते. खोली डोळ्यांनी, नाकाने आणि चार नेमक्या प्रश्नांनी पारखायची असते.

प्रश्न : सगळे मुक्काम घरूनच बुक करून निघावं का?

उत्तर : सगळे नको. दोनच ठिकाणं आधी ठरवा : थकून पोचाल ती पहिली रात्र आणि काठमांडू. काठमांडूत ऑक्टोबर-नोव्हेंबर हा गिर्यारोहकांचा आणि पर्यटकांचा भर हंगाम असतो, आयत्या वेळी चांगल्या खोल्या मिळत नाहीत. लुंबिनीत मात्र दुपारच्या आत पोचा आणि खोली पाहून घ्या.

तुमची वाट बहुधा नागपूरहून रेल्वेने गोरखपूर अशी असेल. राप्तीसागर एक्सप्रेस नागपूरवरून थेट गोरखपूरला जाते. तिथून सुनौली सीमा साधारण शंभर किलोमीटर. सीमेपलीकडे भैरहवा चार-पाच किलोमीटरवर आणि भैरहव्याहून लुंबिनी बावीसेक किलोमीटर. गाडी संध्याकाळी किंवा रात्री पोचणार असेल तर त्याच दमात सीमा ओलांडायच्या भरीला पडू नका. अंधारात, सामान आणि म्हातारी माणसं सोबत असताना जी खोली समोर येईल ती घ्यावी लागते, आणि लोक फसतात ते नेमके तेव्हाच. गोरखपूर स्थानकावर रेल्वेच्या रिटायरिंग रूम आहेत. तिकिटाच्या पीएनआर नंबरवर त्या ऑनलाइन घेता येतात. दुसरा मार्ग म्हणजे पन्नासेक किलोमीटरवरच्या कुशीनगरला मुक्काम. महापरिनिर्वाण स्थळ तुम्ही पाहणारच असाल, आणि तिथेही वेगवेगळ्या देशांचे विहार आणि यात्रेकरूंसाठी निवास आहेत.

कागदपत्रांचंही याच ओघात सांगतो, कारण लॉजवाला वहीत नोंद करताना तीच मागतो. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. मोठ्यांनी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ ठेवावं. काठमांडूहून परत विमानाने यायचं असेल तर पासष्ट वर्षांपर्यंतच्या मोठ्या माणसाकडे या दोहोंपैकी एक असायलाच हवं, नुसत्या आधार कार्डावर त्याला विमानात बसू देत नाहीत. मुलांसाठी आधार कार्डासोबत शाळेचं फोटो असलेलं ओळखपत्र घ्या.

प्रश्न : लुंबिनीत विहारात राहावं की लॉजवर?

उत्तर : आधी लुंबिनीची रचना समजून घ्या, म्हणजे निर्णय सोपा होईल. जपानी वास्तुकार केन्झो तांगे यांनी केलेला या परिसराचा आराखडा १९७८ साली मंजूर झाला. मधोमध एक लांब कालवा आहे. त्याच्या पूर्वेला थेरवादी देशांचे विहार आणि पश्चिमेला महायान परंपरेचे. दक्षिण टोकाला मायादेवी मंदिर आणि अशोकस्तंभ. परिसर काही किलोमीटर लांब आहे, पायी फिरलं तर गुडघे बोलायला लागतात. फिरायला ई-रिक्षा मिळते, ती सासूबाईंसाठी दिवसभराची ठरवून टाका.

काही विहार यात्रेकरूंना राहू देतात. पश्चिम भागातला कोरियन विहार त्यासाठी प्रवाशांमध्ये सर्वांत जास्त माहीत आहे. राहायला साधी खोली, जेवायला साधं शाकाहारी अन्न, तेही ठरलेल्या वेळी. विहारातली स्वच्छता ही तिथल्या शिस्तीतून येते आणि पाहुण्यानेही त्या शिस्तीत राहायचं असतं : ताट आपलं आपण धुवायचं, अंथरूण घडी करून ठेवायचं, रात्री लवकर निजायचं. अनेक ठिकाणी बायका आणि पुरुष वेगवेगळे झोपतात, न्हाणीघर सामाईक असतं, गादी पातळ असते. मुलांना हा अनुभव जरूर द्यावा. पण सासूबाईंना रात्रीतून उठावं लागत असेल, खाली बसून उठणं जड जात असेल, तर जागा घेण्यापूर्वी संडास कमोडचा आहे का आणि खोलीपासून किती पावलांवर आहे ते स्वतः जाऊन बघा. विहारात दर ठरलेला असो वा दान म्हणून द्यायचा असो, हात आखडता घेऊ नका. त्याच पैशांतून पुढच्या यात्रेकरूची चादर धुतली जाते.

लॉज हवा असेल तर पूर्वेकडच्या फाटकाबाहेर लुंबिनी बाजारात छोटी गेस्ट हाउस ओळीने आहेत. भैरहवा शहरात हॉटेलं जास्त आणि मोठी आहेत, पण तिथे राहिलात तर रोजचा जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळ हिशेबात धरा. पहाटेच्या शांततेत मायादेवी मंदिर पाहायचं असेल तर बाजारातली खोलीच बरी.

प्रश्न : खोली स्वच्छ आहे की नाही हे चटकन कसं ओळखावं?

उत्तर : सामान रिक्षातून उतरवू नका. सासू-सासऱ्यांना खाली बसवा आणि तुम्ही किंवा मिस्टरांनी वर जाऊन, “खोली दाखवा, मग नावं लिहा,” असं सांगा. सामान वर गेलं की नाही म्हणणं जिवावर येतं.

दार उघडल्याबरोबर आधी वास घ्या. कुबट वास म्हणजे भिंतीत ओल आहे. सुगंधी फवाऱ्याचा भपकारा असेल तर काय झाकलंय याची शंका घ्या. मग उशाकडच्या कोपऱ्यात चादर उचलून गादीची शिवण बघा. पेनाच्या टोकाने टिंबं काढावीत तसे काळे ठिपके किंवा तांबूस डाग दिसले की ढेकूण समजा आणि खाली उतरा. ढेकूण रोग पसरवत नाहीत असं शास्त्र सांगतं, पण बॅगेतून ते तुमच्या शहापूरच्या घरी येतात आणि मग घालवता घालवता नाकी नऊ येतात. उशीचा अभ्रा काढून आतली उशी बघा. चादर पांढरी असेल तर उत्तम, तिच्यावर डाग लपत नाही. रंगीत फुलाफुलांची असेल तर धुतलेली दुसरी मागून समोर घालून घ्या. यात कुणाचा अपमान नाही, चांगला लॉजवाला लगेच आणून देतो.

मग न्हाणीघर. बादलीभर पाणी फरशीवर ओता. मिनिटभरात ते मोरीतून गेलं पाहिजे. तुंबलं तर सहा जणांच्या आंघोळीत घोट्याइतकं पाणी साचेल. फ्लश ओढून बघा. गरम पाणी कधी ते कधी असतं हे तासांत विचारा, “मिळतं ना!” या उत्तरावर थांबू नका. खिडकी उघडते का आणि जाळी आहे का, हेही बघा, तराईत डास पुष्कळ. आतली कडी लागते का बघा. एवढं करायला पाच मिनिटं पुरतात.

मोबाइलवरून बुक करताना हेच डोळे दुसऱ्या रीतीने वापरायचे. हॉटेलने टाकलेले फोटो सोडा, पाहुण्यांनी टाकलेले न्हाणीघराचे फोटो शोधा. पाच तारे आणि एक तारा देणारे बहुधा भरात लिहितात. तीन तारे देणारा माणूस काय चांगलं आणि काय वाईट ते नेमकं सांगतो, त्याचं वाचा, आणि तेही गेल्या काही महिन्यांतलंच. मालक बदलला की लॉज बदलतो. पैसे भरण्यापूर्वी थेट फोन करा आणि तुम्हाला मिळणाऱ्या खोलीचाच व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर मागा.

प्रश्न : भावात फसगत होऊ नये म्हणून काय विचारावं?

उत्तर : पहिला प्रश्न : आयसी की एनसी? नेपाळमध्ये भारतीय रुपयाला आयसी आणि नेपाळी रुपयाला एनसी म्हणतात. १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून कायम आहे. तोंडी “सोळाशे” म्हणाले आणि ते एनसी असेल तर तुमचे हजारच रुपये झाले. आयसी समजून दिलेत तर सहाशेचा फटका. आकडा आणि चलन कागदावर लिहून घ्या.

दुसरा प्रश्न : कर धरून का? नेपाळात १३ टक्के व्हॅट आहे आणि तो काही ठिकाणी बिलात मागाहून चढतो. तिसरा : सहा जणांचे किती? दोन खोल्या, की चार खाटांची एक मोठी खोली आणि वर दोन गाद्या, यांत बराच फरक पडतो. चौथा : नाष्टा धरून का, आणि खोली रद्द केली तर पैसे परत मिळतात का? दोन-तीन रात्री राहणार म्हणालात तर भाव उतरतो, पण पैसे एकाच रात्रीचे द्या. रात्र चांगली गेली की पुढचे.

सोबत शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. मोठ्या भारतीय नोटा घ्यायला तिथले दुकानदार कचरतात. मार्च २०२४ पासून नेपाळात आपलं यूपीआय काही दुकानांत क्यूआर कोडवर चालतं, मात्र सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

प्रश्न : काठमांडूत कोणत्या भागात राहावं? थंडीचं काय?

उत्तर : ठमेल हा पर्यटकांचा भाग, स्वस्त खोल्यांची रेलचेल तिथे आहे. पण रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात, आणि स्वस्त खोली बरेचदा चौथ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय असते. सासूबाईंसाठी मला बौद्धनाथ स्तूपाचा परिसर जास्त योग्य वाटतो. तिथल्या गल्ल्यांत मठांनी चालवलेली अतिथिगृहं आहेत, शेचेन मठाचं त्यांपैकी एक. संध्याकाळी स्तूपाला प्रदक्षिणा घालून पायीच खोलीवर येता येतं. पशुपतिनाथाजवळ गौशाला भागात धर्मशाळाही आहे. सहा जणांसाठी स्वयंपाकघर असलेला छोटा फ्लॅट मिळाला तर तोही बघा. म्हाताऱ्यांना घरचा वरणभात मिळाला की अर्धं दुखणं पळतं. पिण्याला नळाचं पाणी कुठेही वापरू नका, उकळलेलं किंवा सीलबंद घ्या, मुलांना दात घासायलासुद्धा तेच द्या.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हे घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. जानेवारी २०२० मध्ये काठमांडूच्या दक्षिणेला दामन इथे केरळचे आठ पर्यटक एका रिसॉर्टच्या खोलीत दगावले. त्यांत चार लहान मुलं होती. थंडी म्हणून खोलीत गॅसचा हीटर लावला होता आणि दारं-खिडक्या बंद होत्या. बंद खोलीत गॅस किंवा कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतल्या माणसाला काही कळतसुद्धा नाही. म्हणून निजायच्या खोलीत गॅसचा हीटर किंवा शेगडी कुणी आणून दिली तरी परत पाठवा आणि जादा रजया मागा. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर खिडकी उघडी ठेवूनच आंघोळ करा.

प्रश्न : मग पैसे वाचवायचे कशात?

उत्तर : दिवाळीनंतर लुंबिनीत एसी लागत नाही, तो नको म्हणा, खोली स्वस्त पडेल. टीव्ही, गालिचा, गच्चीवरचा देखावा, स्वागताचं सरबत यांचेही पैसे भाड्यातच धरलेले असतात, त्यांच्यावर पाणी सोडा. डिसेंबरअखेरीस आणि जानेवारीत तराईत दाट धुकं पडतं, गाड्या तासन्‌तास रखडतात आणि एखादा मुक्काम विनाकारण वाढतो, तेव्हा नोव्हेंबरचा बेत पुढे ढकलू नका. घरून सहा पातळ चादरी, सहा अभ्रे, साबणाची वडी, कपडे वाळवायची दोरी आणि एक मच्छरदाणी घ्या, ओझं फार होत नाही. चादर, पाणी आणि खेळती हवा यांत मात्र एक रुपयाचीही काटकसर करू नका. या तीन गोष्टी जिथे चोख मिळतील ती खोली घ्या, मग ती विहाराची असो, धर्मशाळेची असो की लॉजची.