वन वन एट सांभाळताना

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. भरायलाच हवे होते. पण त्याच कुर्ल्याच्या कारखान्यातून १९८५मध्ये निघालेल्या तिच्या धाकट्या बहिणीवर कुणी चार ओळी खरडल्याचं मला आठवत नाही. प्रीमियर वन वन एट एनई. टॅक्सी म्हणून ती पद्मिनीइतकी कधी फैलावली नाही. ती डॉक्टर, वकील, बागायतदार यांच्या दारात राहिली आणि तिथूनच गुपचूप भंगारात गेली. आमची अजून आहे. सांगलीत, वडिलांनी घेतलेली, पांढरी. तिच्यापायी जे शिकलो ते असं :

१. आधी तिचं कूळ विचारा. पत्रा मूळचा इटलीचा. फियाट १२४ ही १९६६ची गाडी, आणि पुढच्याच वर्षी युरोपात तिला 'वर्षातली सर्वोत्तम गाडी' हा मान मिळाला. स्पेनच्या सिआट कंपनीने ती आपल्याकडे बनवायला घेतली, १९७५मध्ये तोंडावळा बदलून चौकोनी दिवे दिले आणि तिथलं काम आटोपल्यावर तिचे साचे कुर्ल्याला आले. इंजिन मात्र जपानी, निसानचं ए-१२, ११७१ सीसी. नावातलं एनई ते हेच. हीच १२४ रशियात व्होल्गाकाठच्या तोल्यातीत लाडा झाली आणि त्या वंशातली शेवटची गाडी रशियात थेट २०१२मध्ये बनली. दारातल्या गाडीला जगभर एवढी चुलत-मावस भावंडं आहेत हे कळलं की मिजास वाढते, ते सोडा. सुटा भाग कुठे शोधायचा हेही कळतं, आणि गाडी जगते ती त्यावर.

२. दुकानात गाडीचं नाव काढू नका. 'वन वन एट' म्हटलं की काउंटरवरचा पोरगा मान हलवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. जुना भाग फडक्यात गुंडाळून सोबत न्यावा. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो वाचून दाखवावा. ऑइल सीलचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सांगितली की दुकानदाराला गाडीशी देणंघेणं राहत नाही. इंजिनाचं गॅस्केट किंवा वॉटर पंप हवा असेल तर 'डॅटसनचं ए-१२' असं म्हणावं. हे इंजिन सनीपासून छोट्या पिकअपपर्यंत देशोदेशी बसलंय, त्यामुळे बाहेरगावी राहणारा भाचा कामाला येतो.

काचा, दिवे, दाराच्या मुठी यांना मात्र मापाचा उपयोग नाही. त्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठायचा. ज्या उपनगरात या गाड्या जन्मल्या तिथल्याच जुन्या मालाच्या दुकानांत त्यांचे अवयव टांगलेले सापडतात. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला पहिला प्रश्न विचारला, "गाडी विकायची आहे का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग बसा, चहा घ्या. शोधू." मागच्या दिव्याची काच त्याने माळ्यावरून काढली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पैसे घेताना घासाघीस करू दिली नाही, आणि ते बरोबरच होतं.

३. गाडी घेणार असाल तर बॉनेट शेवटी उघडा. इंजिन पुन्हा बांधता येतं. सडलेला पत्रा नवा आणायचा कुठून? पाणी जिथे साचतं तिथे गंज सुरू होतो : दाराचा खालचा काठ, पायाखालच्या मॅटखालची जमीन, पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी, डिकीचा तळ. रंग चकचकीत असेल तर जास्तच संशय घ्यावा. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचं. जिथे ते धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे, आणि पुट्टीखाली काय आहे ते विकणाऱ्यालाच ठाऊक.

गाडी घरची असेल तर दाराखालची पाणी निथळायची भोकं पावसाळ्याआधी तारेने मोकळी करावीत. प्लॅस्टिकचं कव्हर पावसाळ्यात घालू नये, आत वाफ धरते. आमच्याकडे आणखी एक नियम आहे : कृष्णेची पातळी वाढल्याची बातमी आली की गाडी मिरजेला आतेभावाकडे. २०१९च्या पुरात ती वाचली ती अशी. कपाटं राहिली पाण्यात.

४. इंजिनाची फार काळजी करू नये. वेळेवर ऑइल, टॅपेट, पॉइंट आणि प्लग. टायमिंगला चेन आहे, त्यामुळे बेल्ट तुटायची भीती नाही.

५. पेट्रोलची मात्र करावी. कार्ब्युरेटरच्या काळातले रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा आताच्या पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. रबर फुगतं, चिरतं, आणि इंजिन तापल्यावर पेट्रोलचा वास येऊ लागतो. पाइप इथेनॉल सोसणारे घालून घ्यावेत. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. ते ज्यापासून बनतं तो ऊस आमच्याच जिल्ह्यात पिकतो. तक्रार कुणाकडे करणार?

६. तिची तुलना नव्या गाडीशी करू नका, तिच्या वर्गमित्रांशी करा. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हलकी, चपळ, कमी खाणारी गाडी म्हणजे काय ते देशाला कळलं. मोठ्या गाड्यांत कॉन्टेसा होती, रोव्हरच्या देखण्या अंगात जुनंच इंजिन घातलेली स्टँडर्ड २००० होती. या सगळ्यांत माझ्या मते घरच्या वापराला सर्वांत शहाणी गाडी हीच. नव्वदीच्या मध्यात एस्टीम आणि सिएलो आल्यावर मात्र तिचं काही चाललं नाही, आणि त्यात अन्याय वगैरे काही नव्हता.

पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे पार्किंगमध्ये खांदे बोलतात. चाळीसचा वेग आला की तेच स्टिअरिंग हलकं होतं. मागच्या चाकांना ओढ असल्याने घाटात भरल्या गाडीनिशीही ती नेटाने चढते. आमच्या आत्याला तिच्याखेरीज दुसरी गाडी चालत नाही. सीट उंच, काचा मोठ्या, नऊवारीत न वाकता बसता येतं. "तुझ्या भावाच्या गाडीत विहिरीत बसल्यासारखं वाटतं रे," असं ती भावासमोरच म्हणते.

७. मिस्त्री म्हातारा असेल तर काम चालू असताना शेजारी स्टूल टाकून बसा आणि लिहून घ्या. कार्ब्युरेटरचा कुठला स्क्रू किती फेरे मागे घ्यायचा, हे आमच्या मिस्त्रींच्या बोटांत आहे. त्यांचा मुलगा स्कॅनर लावून गाड्या दुरुस्त करतो, आणि हिला स्कॅनर लावायला जागाच नाही.

८. कागद नीट ठेवा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेली, आणि वीस वर्षांहून जुन्या गाड्यांना ती २०२५मध्ये दहा हजार झाली. व्हिंटेज म्हणून मान मिळायला पन्नास वर्षं लागतात. म्हणजे पहिल्या वर्षीच्या गाड्यांनासुद्धा २०३५ उजाडावं लागेल, आमची तर त्याहून धाकटी. तोवर आरटीओच्या आवारात जाण्याआधी चासी नंबरावरची माती आणि ग्रीस रॉकेलच्या बोळ्याने पुसून ठेवावं. इन्स्पेक्टर आधी तोच बघतात.