छंदाचं प्रमाणपत्र केवढ्याला पडतं?

थोरल्याला तबला आवडतो, मुलगी दिवसभर चित्रं काढते, धाकट्याला डोंगर हवेत. मग शेजारचे काका सुचवतात, ‘एवढं करतोच आहे, तर परीक्षेला बसवा की.’ अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, शाळेबाहेर मुलांच्या आवडीवर चालणाऱ्या अशा परीक्षा आणि पुरस्कार भरपूर आहेत. बहुतेकांचं शुल्क किरकोळ असतं. खिशाला चाट बसते ती शिकवणी, साहित्य आणि जाण्यायेण्याने. म्हणून अर्जावरचा आकडा बाजूला ठेवून आधी वर्षाचा हिशेब मांडावा. पुढे दिलेले शिकवणीचे आणि साहित्याचे दर अंदाजाचे आहेत. अंधेरी पश्चिमेला ते चढे असतात, आतल्या भागांत घरगुती क्लासला उतरतात.

सुरुवात गाण्यापासून करू. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्या परंपरेतलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ आज गायन, वादन आणि नृत्याच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत घेतं. पायऱ्या अशा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद. सुरुवातीच्या परीक्षांचं शुल्क शेकड्यांत असतं आणि पुढे पायरीगणिक वाढतं. परीक्षक मुलाला भूप गायला सांगतात, मधेच थांबवून आरोह-अवरोह विचारतात, हातावर टाळी-खाली दाखवत तीनतालाची दुगुन करायला लावतात. हे चार महिन्यांच्या घोकंपट्टीने जमत नाही, त्यामुळे क्लास वर्षानुवर्षं चालतो.

उपनगरांत गटातल्या क्लासला महिना १,००० ते २,००० रुपये पडतात. म्हणजे वर्षाला १२ ते २४ हजार. वर्षाला एक याप्रमाणे पाच परीक्षा धरल्या तर ६० हजार ते १ लाख २० हजार. यात तबल्याची जोडी किंवा पेटी नाही. परीक्षेच्या दिवशी साथीला येणाऱ्या तबलजींचं मानधनही नाही, आणि ते क्लासच्या फीत धरलेलं नसतं हे बऱ्याच पालकांना आदल्या आठवड्यात कळतं. तानपुरा मात्र विकत घेऊ नका. मोबाइलवरच्या ॲपवर पहिली काही वर्षं छान निभावतात.

हा खर्च पालक करतात, त्यामागे बऱ्याचदा दहावीचे वाढीव गुण असतात. राज्य मंडळाच्या दहावीला शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्याच्या किमान तीन परीक्षा उत्तीर्ण असतील तर १० आणि किमान पाच असतील तर १५ गुण मिळतात. वरच्या हिशेबाने १५ गुणांसाठी गुणामागे चार ते आठ हजार रुपये झाले. मुलाला गाणं आवडत असेल तर ते पैसे गाण्याचे समजा आणि गुण फुकटात मिळाले म्हणा. आवडत नसेल तर एवढा महाग गुण कोणत्याच कोचिंग क्लासात मिळत नसेल. आणखी दोन गोष्टी. हे गुण फक्त राज्य मंडळाच्या मुलांना आहेत. सीबीएसई, आयसीएसईच्या पालकांना ‘परीक्षेसह’ क्लास विकणारे ही गोष्ट सहसा आपणहून सांगत नाहीत. शिवाय प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे मुदतीत जावा लागतो. मुदत हुकली तर पाच वर्षांची प्रमाणपत्रं फाइलमध्येच राहतात.

गुणांच्याच भाषेत बोलायचं तर चित्रकला बरीच स्वस्त. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांचं शुल्क तीन आकड्यांपलीकडे जात नाही. गुण इंटरमीजिएटच्या श्रेणीवर ठरतात: अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. साहित्य म्हणजे पोस्टर कलर, दोन-चार ब्रश, पॅड आणि कंपास. शाळेतले चित्रकलेचे शिक्षक तयारी करून घेत असतील तर वेगळा क्लास नको. लावलाच तर वस्तुचित्र आणि स्मरणचित्रासाठी शेवटचे तीन-चार महिने पुरतात. भूमिती आणि अक्षरलेखन घरी सरावाने जमतं.

विज्ञानाची ओढ असलेल्यांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांची संघटना ती सहावी आणि नववीसाठी घेते. लेखी, मग प्रात्यक्षिक, मग कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत. यातला प्रकल्पाचा टप्पा खरा सुंदर, कारण तिथे मुलाला आजूबाजूचा एखादा प्रश्न घेऊन स्वतः शोध घ्यावा लागतो. पण या स्पर्धेभोवती क्लासचा मोठा धंदा उभा राहिला आहे आणि फी सहज पाच आकडी होते. माझं मत विचाराल तर पुस्तकं आणा, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा, तेवढं पुरे. प्रकल्प क्लासने ‘तयार करून’ दिला तर मुलाच्या हाती काही लागत नाही, आणि मुलाखतीत ते उघडंही पडतं.

आता कमी माहीत असलेला, पण आवडीवर चालण्यात सगळ्यांच्या पुढे असलेला पुरस्कार. ब्रिटनमध्ये १९५६ साली ड्यूक ऑफ एडिंबरा यांच्या नावाने सुरू झालेला हा कार्यक्रम भारतात ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’ या नावाने चालतो. वय १४ ते २४. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे तीन स्तर. लेखी परीक्षा नाही, इतरांशी स्पर्धा नाही. सेवा, कौशल्य, शारीरिक उपक्रम आणि साहसी प्रवास हे चार भाग असतात आणि प्रत्येकात काय करायचं ते मुलाने ठरवायचं. पहिल्या तीन भागांना आठवड्याला साधारण एक तास द्यायचा. ब्राँझला किमान सहा महिने लागतात.

पैशाच्या बाजूने यातली खुबी अशी की मूल एरवी जे करतं तेच मोजता येतं. तबल्याचा क्लास चालू आहे, तो कौशल्यात धरा. संध्याकाळची कबड्डी शारीरिक उपक्रमात. पोहायचं असेल तर अंधेरीचं शहाजी राजे क्रीडा संकुल किंवा मुलुंडचं प्रियदर्शिनी ही महापालिकेची संकुलं खासगी क्लबपेक्षा परवडतात. सेवेसाठी जवळच्या वाचनालयात पुस्तकं लावणं किंवा वस्तीतल्या लहान मुलांचा अभ्यास घेणं, दोन्ही बिनपैशाचं. मात्र नोंदणीआधी केलेलं काही धरत नाहीत, आणि प्रत्येक भागावर सही करणारी व्यक्ती घरची चालत नाही. नोंदणीची फी केंद्रानुसार विचारून घ्या. शाळा किंवा कॉलेज सदस्य असेल तर तिथूनच नाव घालता येतं, नाहीतर खुलं केंद्र शोधावं लागतं.

खरा खर्च प्रवासाचा. ब्राँझला दोन दिवस आणि एक रात्र, त्याआधी सरावाची एक फेरी. चार ते सात जणांच्या गटाने मार्ग, जेवण, मुक्काम सगळं स्वतः आखायचं असतं. म्हणून दर शनिवारी निघणाऱ्या व्यावसायिक ट्रेकचे दीड-दोन हजार भरून, आयता नाश्ता खाऊन केलेली राजमाची इथे कामाची नाही. पोरांनी स्वतः कर्जतची लोकल धरली, शिधा वाटून घेतला, तंबू भाड्याने आणला तर खर्च त्याहून कमीच येतो. पाठपिशवी पहिल्या खेपेला उसनी घ्या.

स्काउट-गाइडमध्ये शाळेबाहेरचे खुले गटही असतात. वर्गणी नाममात्र, गणवेश-बूट मिळून दीड-दोन हजार, शिबिरांचे वेगळे. प्रथम सोपानापासून राज्य पुरस्कार आणि पुढे राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जायला काही वर्षं लागतात.

जाण्यायेण्याचा खर्च कुणी धरत नाही. लोकलचा विद्यार्थी-सवलतीचा पास घर ते शाळा-कॉलेज एवढ्याचपुरता, क्लाससाठी नाही. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून १० रुपये झालं आहे. मुलाला सोडायला मोठं माणूस जात असेल तर दोघांचं धरा. आठवड्यातून दोनदा रिक्षा लागत असेल तर महिन्याअखेरीस तो आकडा क्लासच्या फीला टेकतो. त्यामुळे दोन स्टेशनं पलीकडच्या नावाजलेल्या गुरूंपेक्षा गल्लीतल्या मन लावून शिकवणाऱ्या बाई पहिल्या दोन-तीन वर्षांना बऱ्या.

शेवटी, ज्यात एक पैसाही घालू नये असं काही. ‘आपल्या पाल्याची राष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे, ट्रॉफी आणि सोहळ्यासाठी अमुक हजार भरा,’ असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरतात. न केलेल्या अर्जाची निवड होत नसते. पाच ते अठरा वयाच्या मुलांसाठीचा केंद्र सरकारचा प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार घ्या. त्याचा अर्ज सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क भरता येतो. आधी निवड आणि मग पैसे असा क्रम दिसला की तो विषय तिथेच सोडा. आणि चांगल्या संस्थेतही फी भरताना ती संस्थेच्या खात्यावर भरा, परीक्षेचं शुल्क आणि क्लासची फी पावतीवर वेगवेगळी लिहून मागा.