प्लाझ्मा टॉर्च हातात घेताना गॅस कटरची सवय बाजूला ठेवा

दसरा जवळ आला की माजलगाव, केज, गेवराई पट्ट्यातल्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत कुणाला तळाची प्लेट बदलायची असते, कुणाला फाळकं, कुणाला हूक. याच घाईत बरेच दुकानदार प्लाझ्मा कटर घेतात आणि गॅस कटर चालवणाऱ्या पोराच्या हातात देतात. पोरगं हुशार असतं, पण सवय गॅसची असते. नोजल जळतात, कट वाकडा येतो, आणि एखाद्या दिवशी शॉक बसतो. म्हणून आज आधी फरक समजून घेऊ.

फरक काय?

गॅस कटर लोखंड तापवतो आणि ऑक्सिजनच्या झोतात अक्षरशः जाळतो. म्हणून त्याने साधं लोखंड कापतं. स्टेनलेस, अॅल्युमिनियम नीट कापत नाही. प्लाझ्मामध्ये विजेचा आर्क बारीक भोकातून हवेच्या दाबाने बाहेर पडतो. तापमान २०,००० अंशांच्या घरात जातं. लोखंड साधारण १,५०० अंशांना वितळतं. वीज वाहून नेणारा कुठलाही धातू यात वितळतो आणि हवा तो खाली उडवते. अमेरिकेत १९५७ साली या तंत्राचं पेटंट निघालं, तेव्हा गरज तीच होती: गॅसने न कापणारे धातू कापायचे.

म्हणजे आपल्या हातात तीन गोष्टी आहेत: वीज, हवा आणि हाताचा वेग. एकेक घेऊ.

वीज

टॉर्चमध्ये वेल्डिंग मशीनपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज असतं. ट्रिगर दाबण्याआधी मशीनमध्ये २०० ते ४०० व्होल्ट डीसी तयार असू शकतं. त्यामुळे हे नियम पक्के करा:

१. नोजल किंवा इलेक्ट्रोड बदलताना मेन स्विच बंद. नुसता ट्रिगर सोडून चालणार नाही.
२. हातमोजे चामड्याचे आणि कोरडे. घामाने भिजले की बदला. चप्पल घालून कटिंग नाही.
३. अर्थ क्लॅम्प कापायच्या प्लेटलाच, गंज-रंग घासून, कटच्या जवळ लावा. गळून पडणाऱ्या तुकड्याला लावू नका.
४. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असेल तर आधी सोडवा. ट्रॅक्टरवरच काम असेल तर बॅटरीच्या वायरी काढा.
५. हृदयाला पेसमेकर असलेल्या माणसाला मशीनजवळ उभं करू नका.

मशीनवर ६० टक्के ड्यूटी सायकल लिहिलं असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटं कटिंग, चार मिनिटं विश्रांती. हा आकडा बहुतेक वेळा ४० अंश तापमानाला धरलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त होतं, तेव्हा विश्रांती वाढवा.

हवा

"मशीन खराब निघालं" या तक्रारीत निम्म्या वेळा दोष कॉम्प्रेसरमधल्या पाण्याचा असतो. इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफ्नियम नावाच्या धातूचा छोटा ठिपका असतो. ओली किंवा तेलकट हवा आली की तो लवकर खड्डा पडून संपतो. रोज सकाळी टाकीचा ड्रेन कॉक उघडून पाणी काढा आणि मशीनआधी फिल्टर बसवा. दाब मशीनच्या पुस्तकात दिलेला ठेवा. लहान मशीनला तो बहुधा ४.५ ते ६ बार असतो. हवा सुटत असताना तपासा, बंद असताना नाही. ट्रिगर सोडल्यावर थोडा वेळ हवा चालू राहते, ती टॉर्च थंड करते. तेवढ्यात मशीन बंद करू नका.

हाताचा वेग

कट शक्यतो कडेपासून सुरू करा. टॉर्च सरळ उभी धरा, ठिणग्या खालून पडल्या की पुढे सरका. नोजल प्लेटला टेकवायचं की नाही हे नोजलच्या प्रकारावर आहे. टेकवायचं नोजल नसेल तर २-३ एमएम अंतर ठेवा. हात थरथरत असेल तर अँगलची पट्टी बांधून तिच्या आधाराने ओढा.

वेग बरोबर आहे का, हे ठिणग्याच सांगतात:

- ठिणग्या खाली, किंचित मागे झुकलेल्या: वेग बरोबर.
- ठिणग्या वर उडतात: वेग जास्त किंवा अँपियर कमी, आरपार जात नाही.
- खाली जाड, फुगीर स्लॅग, ठोकल्यावर सहज निघतो: वेग कमी.

प्लेटच्या मधोमध भोक पाडायचं तर टॉर्च तिरपी धरा, ठिणग्या आपल्यापासून लांब जाऊ द्या, आरपार गेली की सरळ करा. जाड प्लेट असेल तर आधी ड्रिलने भोक पाडा, नोजल वाचेल.

डोळे, धूर, आग

४० अँपियरपर्यंत किमान ५ नंबरची काच, ६० पर्यंत ६, त्यापुढे ८. साधा काळा गॉगल चालणार नाही. प्लेट धरणाऱ्या हेल्परलाही तीच काच द्या. डोळे त्याचेही आहेत. कपडे जाड सुती घाला, नायलॉन अंगाला चिकटतं.

जीआय पत्रा कापताना जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी-ताप भरतो. पंखा लावा, धूर तोंडापासून बाजूला जाऊ द्या. ठिणग्या ३५ फुटांपर्यंत धोक्याच्या धरा. कडबा, उसाचं पाचट, डिझेलचा कॅन त्या घेरात नको. काम संपल्यावर तासभर लक्ष ठेवा.

दोन कामं घ्यायचीच नाहीत, गिऱ्हाईक कितीही जवळचं असो: डिझेलची टाकी किंवा औषधाचा ड्रम कापणं, आणि टायर चढवलेल्या रिमवर कटिंग. टाकीतली उरलेली वाफ आणि टायरमधली तापलेली हवा, दोन्ही स्फोट करतात.

आता हिशेब

समजा नोजल-इलेक्ट्रोडचा जोड ३०० रुपयांचा. ओल्या हवेत तो १० मीटर चालला तर मीटरला ३० रुपये गेले. कोरड्या हवेत ६० मीटर चालला तर ५ रुपये. आकडे हिशेबापुरते आहेत, तुमचे तुम्ही वहीत लिहा: जोड कधी बदलला, किती मीटर कापलं. महिन्याभरात तुमचा खरा दर कळेल, आणि कटिंगचा भाव अंदाजाने सांगावा लागणार नाही.

उद्या सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम ड्रेन कॉकचं. मग हेल्परला काच द्या, आणि मगच मशीन चालू करा.