मुदत संपलेली चावी आणि थांबलेले एसएमएस

दुकानाच्या संगणकावरून गिऱ्हाइकांना जाणारे एसएमएस एकाएकी बंद पडले की कुणी घाईने रिचार्ज करतो, तर कुणी बिलिंगचा प्रोग्रामच बदलायला निघतो. पुष्कळदा या दोन्हींची गरज नसते. बिघाड असतो तो मुदत संपलेल्या चावीत.

आपला प्रोग्राम एसएमएस स्वतः पाठवीत नाही. तो मजकूर आणि मोबाइल नंबर इंटरनेटवरून एसएमएस पाठविणाऱ्या कंपनीच्या हवाली करतो. त्यासोबत अक्षरे व आकड्यांची एक लांबलचक ओळ जाते. तिलाच एपीआय की म्हणतात; आपण चावी म्हणू. पैसे कोणत्या खात्यातून कापायचे, हे कंपनी त्यावरून ओळखते. रेल्वेच्या मासिक पासासारखाच हा प्रकार आहे. गाडी तीच, प्रवासी तोच, खिशात पैसेही आहेत. पण तारीख उलटली की टीसी पास मानत नाही. म्हणूनच खात्यात बॅलन्स दिसतो आणि एसएमएस मात्र जात नाही. काही कंपन्या चावीला मुदत घालून देतात, काही ठिकाणी ती खातेदार ठरवतो. मुदत नसलेली चावीही कुणी नवी काढून जुनी रद्द केली की निकामी होते.

खरे नुकसान होते ते गुपचूप. पुष्कळ प्रोग्राम पडद्यावर काहीच दाखवत नाहीत. बिल निघते, कारकुनाला वाटते एसएमएस गेला. ईदच्या हंगामात शिलाईचे कपडे तयार होऊन पडून राहतात, उधारीची आठवण कुणाला पोहोचत नाही. गिऱ्हाईक म्हणते कळवले नाही, दुकानदार म्हणतो कळवले. म्हणून रोज सकाळी आपल्याच मोबाइलवर एक एसएमएस यावा, अशी सोय करून घ्यावी. खर्च पैशांत आहे.

एसएमएस थांबले तर आधी कंपनीने काय उत्तर दिले ते वाचावे. हे उत्तर प्रोग्रामच्या लॉगमध्ये नोंदलेले असते. तेथे ४०१ आकडा असेल तर चावी ओळखली गेली नाही, म्हणजे ती मुदतबाह्य, रद्द झालेली किंवा चुकीची आहे. ४०३ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही. इंटरनेटची लाइन बदलली आणि नवा आयपी पत्ता कंपनीकडे नोंदला नाही, की असे होऊ शकते. ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार एसएमएस धाडले. काही कंपन्या मात्र २०० असे ‘सर्व ठीक’ उत्तर देऊन खरी तक्रार आतल्या मजकुरात लिहितात, तेव्हा आकड्यावर न थांबता मजकूरही वाचावा.

चावी बदलताना क्रम महत्त्वाचा. जुनी अजून चालू असेल तर आधी नवी काढावी, प्रोग्राममध्ये घालावी, एक एसएमएस पाठवून खातरजमा करावी आणि मगच जुनी रद्द करावी. ट्विलिओ कंपनीने यासाठीच मुख्य व दुय्यम अशा दोन टोकनांची सोय ठेवली आहे. नवी चावी पुष्कळ ठिकाणी एकदाच दिसते, म्हणून तेव्हाच सुरक्षित जागी उतरवून ठेवावी. चिकटवताना शेवटी एक मोकळी जागा आली तरी ती चालत नाही. बदल केल्यावर प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा, कारण कित्येक प्रोग्राम चावी फक्त सुरुवातीला वाचतात. गोदामाचा संगणक आणि रात्री आपोआप चालणारी कामे यांतही तीच चावी असते. नेमकी तीच जागा विसरली जाते.

मुदत संपण्याची सूचना ई-मेलने येत असेल तर ती खात्यावर नोंदलेल्या पत्त्यावर जाते. तो पत्ता प्रोग्राम बसवून देणाऱ्या मुलाचा असेल आणि तो आता दुसरीकडे नोकरीस असेल, तर मालकाला कळणार कसे? खाते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइलवर असावे. चावी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकणे म्हणजे गल्ल्याची किल्ली चौकात टांगणे होय. ज्याच्या हाती ती लागेल, तो आपल्या पैशाने आपल्या नावावर एसएमएस पाठवील.

चावी बदलूनही एसएमएस पोहोचत नसतील तर भानगड वेगळी. ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे व्यापारी एसएमएससाठी पाठविणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा नमुना डीएलटी यंत्रणेत नोंदवावा लागतो. ८ मार्च २०२१ रोजी ही तपासणी कडकपणे सुरू होताच बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती सात दिवस थांबवावी लागली. १ ऑक्टोबर २०२४ पासून एसएमएसमधल्या लिंकचीही नोंदणी आवश्यक झाली. अशा वेळी कंपनी एसएमएस स्वीकारते, पण पुढे मोबाइल कंपनी तो अडवते. हे डिलिव्हरी रिपोर्टमध्ये दिसते, चावीच्या उत्तरात नाही.

चावी चालू झाली की अडकलेले सगळे एसएमएस एकदम सोडू नयेत. ओटीपी तर शिळेच झालेले असतात. उधारीची यादी वहीशी ताडून पाहावी आणि मधल्या दिवसांत ज्यांनी पैसे चुकते केले, त्यांची नावे आधी काढून टाकावीत.